युकॉन नदीवर पंधरा दिवस: व्हाइटहॉर्स ते डॉसन

वाईच्या घाटावर पोहायला शिकलो आणि पुढे पाटबंधारे खात्यात तीस वर्षं विसर्गाचे आकडे लिहिले. त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी तिथली नदी बघतो. भाची लग्नानंतर कॅनडाच्या युकॉन प्रदेशात व्हाइटहॉर्सला स्थायिक झाली. एकदा फोनवर म्हणाली, "मामा, इथे वर्षाला जेमतेम 260-270 मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात नदी काठोकाठ वाहते. तू ये आणि मला समजावून सांग." माण-खटावातसुद्धा याहून जास्त पाऊस पडतो. एवढ्याशा पावसावर काठोकाठ वाहणारी नदी काही डोक्यात बसेना. ऑगस्टमध्ये गेलो.

व्हाइटहॉर्स ते डॉसन हे अंतर नदीने सातशे किलोमीटरच्या थोडं वर आहे. जावई आणि मी एका कनूत, भाची तिच्या एकटीच्या कयाकमध्ये. तिचा हा दुसरा प्रवास होता, म्हणून वाटेत शब्द तिचाच चालायचा.

निघण्याआधीचा दिवस: माशांची शिडी

गावाच्या वरच्या अंगाला 1958 मध्ये वीजनिर्मितीसाठी धरण झालं. पांढऱ्या घोड्यांच्या आयाळीसारखा फेस उडवणाऱ्या ज्या धावत्यांवरून (रॅपिड्स, म्हणजे खडकांवरून उसळत जाणारं पाणी) गावाला नाव मिळालं, त्या धरणाच्या पाण्याखाली गेल्या. पुढच्याच वर्षी सामन माशांना धरण ओलांडता यावं म्हणून 366 मीटर लांबीचा लाकडी जिना बांधला. पायऱ्यापायऱ्यांचे हौद, त्यातून खाली येणारं पाणी, आणि मध्ये एक काचेची खिडकी.

इथे येणारा चिनूक सामन बेरिंग समुद्रातून निघून जवळपास तीन हजार किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहत येतो. नदीत शिरल्यावर काही खात नाही. अंगातल्या चरबीवर येतो, अंडी घालतो आणि मरतो. पूर्वी एका मोसमात हजार-दोन हजार मासे या खिडकीसमोरून जात. अलीकडच्या काही वर्षांत दोनशेही आले नाहीत. आम्ही दीड तास उभे होतो. काचेपलीकडे फक्त हिरवट पाणी आणि बुडबुडे. तिथे काम करणारी मुलगी म्हणाली, "सकाळी एक मादी येऊन गेली." हे सांगताना तिचा चेहरा इतका उजळला की ती मादी मीही पाहिल्यासारखं वाटलं.

अमेरिका आणि कॅनडाने 2024 मध्ये चिनूकची मासेमारी सात वर्षं थांबवायचं ठरवलं. सात वर्षं म्हणजे या माशाची एक पिढी. दरवर्षी 71,000 मासे हद्द ओलांडून कॅनडात यावेत, हे त्यांचं उद्दिष्ट आहे.

दिवस 1: पाठमोरी नदी

सकाळी आठला होड्या पाण्यात सोडल्या. पाणी काचेसारखं, थोडं निळसर हिरवं. हात बुडवला की मिनिटभरात बोटं बधिर.

या नदीचा उगम मला फार जवळचा वाटला. आपली कृष्णा महाबळेश्वरला उगवते. अरबी समुद्र तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर, आणि ती त्याच्याकडे पाठ फिरवून चौदाशे किलोमीटर पूर्वेला जाते. युकॉनच्या माथ्यावरचं लिंडेमन सरोवर पॅसिफिकच्या खाडीपासून सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. मध्ये चिलकूटची खिंड. पाणी तिकडे न जाता उत्तरेला वळतं, आर्क्टिक वृत्ताला स्पर्श करून पश्चिमेला फिरतं आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर जाऊन बेरिंग समुद्राला मिळतं. सह्याद्री जसा देशावरचा पाऊस अडवतो, तसेच किनाऱ्यावरचे डोंगर इथला पाऊस अडवतात. व्हाइटहॉर्स पर्जन्यछायेत येतं. भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं: पाऊस इथे पडत नाही, डोंगरावर बर्फ होऊन पडतो आणि हिमनद्यांत साठून राहतो.

उरलेलं उत्तर वरच्या सरोवरांत आहे. अ‍ॅटलिन, टॅगिश, मार्श ही लांबच लांब सरोवरं वितळलेलं पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. म्हणून व्हाइटहॉर्सला नदीची सर्वांत वरची पातळी ऑगस्ट-सप्टेंबरात येते, तर सातशे किलोमीटर खाली डॉसनला मोठं पाणी बर्फ वितळताना, मे-जूनमध्ये. एकाच नदीला दोन ठिकाणी दोन वेगळ्या ऋतूंत पूर! 2021 मध्ये या सरोवरांनी विक्रमी पातळी गाठली आणि काठच्या घरांना वाळूच्या पोत्यांच्या भिंती घालाव्या लागल्या.

दिवस 2 ते 4: लबार्जचा वारा

लबार्ज सरोवर पन्नास किलोमीटर लांब. नदीची ओढ संपते आणि प्रत्येक किलोमीटर वल्ह्याने कमवावा लागतो. पूर्वेकडचा म्हणजे उजवा काठ धरायचा आणि काठापासून फार लांब जायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडून वारा सुटला. दहा मिनिटांत आरशासारख्या पाण्यावर कमरेएवढ्या लाटा. भाचीने शिट्टी मारली, आम्ही गोट्यांच्या एका छोट्या खाडीत शिरलो आणि तिसरा अख्खा दिवस तिथेच काढला.

अडकलो ते बरंच झालं. मागे चुनखडीच्या करड्या टेकड्या. त्यांची दक्षिणेकडे तोंड असलेली उतरण कोरडी, पिवळ्या गवताची, मध्ये अ‍ॅस्पेनची झाडं. त्याच टेकडीची उत्तरेकडची बाजू शेवाळाने मऊ आणि काळ्या स्प्रूसच्या बारक्या, वाकड्या सूचिपर्णी झाडांनी भरलेली. बऱ्याच ठिकाणी अशा सावलीतल्या शेवाळाखाली जमीन उन्हाळ्यातही गोठलेली राहते, मुळांना खोल जाता येत नाही. एका टेकडीच्या दोन बाजूंना जणू दोन देश होते. फायरवीडची जांभळी फुलं संपून कापूस उडायला लागला होता. भाची म्हणाली, हा कापूस उडाला की उन्हाळा संपला असं इथले लोक समजतात.

नदीवरचा बर्फ मेच्या सुरुवातीला फुटतो, पण या सरोवरावरचा जूनच्या तोंडापर्यंत टिकतो. वाफेच्या बोटींच्या काळात तो लवकर वितळावा म्हणून त्यावर काजळी आणि जळकं तेल पसरत. काळा पट्टा ऊन शोषतो, एवढं साधं त्यामागचं गणित.

वाटेसाठी सांगतो: लबार्जसाठी एक दिवस जादा धराच. वारा पहाटे आणि रात्री पडतो, म्हणून चौथ्या दिवशी आम्ही साडेचारला निघालो आणि अकराला सरोवराच्या टोकाला होतो. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत नव्हे. या पाण्यात पडलेल्या माणसाला फार वेळ मिळत नाही.

दिवस 5: तीस मैलांचा तुकडा

लबार्ज संपल्यावर नदी पुन्हा वाहू लागते, आणि काय वाहते! सरोवराने सगळा गाळ खाली बसवलेला असतो. पुढचे तीस मैल पाणी इतकं निवळ की तीन पुरुष खोलीवरचा गोटा वेगळा दिसतो. वेग ताशी नऊ-दहा किलोमीटर. वल्हं न मारताही काठ मागे सरकतो. हा तुकडा 1991 पासून कॅनडाच्या वारसा-नद्यांत गणला जातो.

भोवऱ्याच्या कडेला जावयांनी गळ टाकला आणि एक ग्रेलिंग लागला. या माशाचा पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडतो, त्यावर जांभळे-निळे ठिपके. पाण्याबाहेर आला की दोन मिनिटांत ते ठिपके विझतात. हळद, मीठ, तिखट लावून रव्यात घोळवून तव्यावर टाकला. मासा थोडा अजवायनासारखा, रानगवतासारखा वास देतो, त्याला मसाला फार लागत नाही. मासेमारीचा परवाना आधी काढावा लागतो आणि सामन चुकून लागला तरी लगेच सोडून द्यायचा.

संध्याकाळी हूटालिंक्वाला टेस्लिन नदी उजवीकडून मिळाली. तिचं पाणी तपकिरी. बराच वेळ दोन्ही रंग शेजारी शेजारी चालले, मधली रेघ वल्ह्याने कापता येईल इतकी ठळक. थोडं खाली एका बेटावर ‘इव्हलिन’ ही वाफेची बोट काठावर ओढून ठेवलेली आहे. शंभरहून जास्त वर्षं झाली. तिच्या लाकडी सापळ्यातून आता विलो उगवल्यात.

दिवस 6 ते 8: पांढरी रेघ

बिग सामन, लिटल सामन या उपनद्यांची नावंच सांगतात की इथे काय असायचं. लिटल सामनला जुनं दफनस्थान आहे, थडग्यांवर छोटी रंगीत घरं बांधलेली. ती तिथल्या आदिवासींच्या पितरांची जागा आहे. लांबूनच नमस्कार केला, फोटो काढला नाही. तुम्हीही काढू नका.

या तीन दिवसांत प्राणी भरपूर दिसले. एक मूस (घोड्याएवढं मोठं हरीण) मादी पिल्लाला घेऊन नदी ओलांडत होती. पिल्लू प्रवाहाच्या खालच्या बाजूला, आई वरच्या बाजूला, म्हणजे धार तिच्या अंगावर फुटून पिल्लाला संथ पाणी मिळत होतं. आम्ही वल्ही वर उचलून धरली. काठावर चढल्यावर आईने अंग झाडलं, मग पिल्लानेही अगदी तस्संच झाडलं. एका उतरणीवर काळं अस्वल लाल सोपबेरीच्या झुडपात बसून दोन्ही पंजांनी फांद्या ओढून खात होतं. आमच्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. आणि चक्क खंड्या! आपल्याकडच्यापेक्षा मोठा, करडा-निळा, डोक्यावर विस्कटलेला तुरा. पण वाळक्या फांदीवर बसून पाण्यात टक लावण्याची तऱ्हा तीच.

अस्वलांच्या मुलखात काही गोष्टी पाळाव्याच लागतात. स्वयंपाक तंबूपासून शंभर पावलांवर. खाणं, टूथपेस्ट, साबण सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात. आमच्या गोडा मसाल्याची मला धास्ती होती, म्हणून खिचडी दुपारी रेतीच्या दांड्यावर करायची आणि रात्री मेतकूट-भात असा क्रम ठेवला. मुक्कामाला शक्यतो बेटाचं वरचं टोक निवडायचं: वारा असतो, डास कमी, वाहून आलेलं जळण हाताशी. बेअर स्प्रे कमरेला, सामानात नको.

आता त्या पांढऱ्या रेघेबद्दल. नदीने काठ कापला आहे तिथे वरच्या मातीखाली वीतभर खोलीवर एक पांढरी पट्टी दिसत राहते. मैलोन्‌मैल. आधी मला चुना वाटला. बिग सामनच्या खाली एका काठाला होडी लावून मी तिचा चिमूटभर तुकडा घेतला. बोटांत चोळला तर काचेच्या भुग्यासारखा खरखरीत, वजनाला काहीच नाही. ही ज्वालामुखीची राख. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी अलास्कातल्या माउंट चर्चिलचा स्फोट झाला, त्याचा हा थर. याच राखेचे कण आयर्लंड आणि जर्मनीतही सापडलेत. ज्ञानेश्वरांच्याही साडेचारशे वर्षं आधीचा हा थर माझ्या नखात अडकला होता आणि त्याच्या वरची सगळी माती त्यानंतर साठलेली होती. वीतभर मातीला बाराशे वर्षं लागतात, हे आमच्या काळ्या रानात सांगितलं तर कुणाला पटणार नाही.

कारमॅक्सला रस्ता भेटतो. दुकान आहे, गरम पाण्याची अंघोळ मिळते. पुढे डॉसनपर्यंत दुकान नाही, तेव्हा इथेच सामान भरा.

दिवस 9 आणि 10: पाच बोटं

फाइव्ह फिंगर रॅपिड्सचं नाव ऐकून पोटात गोळा होता. नदीत चार खडकी बेटं उभी आहेत, त्यांच्यामुळे पाण्याच्या पाच वाटा होतात. उजवीकडची, फक्त उजवीकडचीच, धरायची. आवाज आधी येतो. भाची पुढे गेली, तिची कयाक दोनदा नाक वर करून दिसेनाशी झाली आणि पलीकडे तिचं वल्हं आडवं वर आलं. ती आमची खूण होती. जावई मागून म्हणाले, "मामा, तुम्ही फक्त वल्हं मारत राहा, थांबू नका." तीन लाटा अंगावर आल्या, मांडीवर पाणी आलं, आणि आम्ही पार. सगळा मामला अर्ध्या मिनिटाचा. चाळीस टनांहून कितीतरी जड बोटी इथून वर नेताना तारेच्या दोराने ओढून घेत. खालच्या रिंक रॅपिड्सलाही उजवीच बाजू.

दिवस 11: फोर्ट सेलकर्क

पेली नदी उजवीकडून येते, समोर बेसाल्टची उभी काळी भिंत कित्येक किलोमीटर सोबत करते. बेसाल्ट बघून मला घरी आल्यासारखं झालं. तेच खांब, तेच भेगाळलेले थर, फक्त वर वडा-पिंपळाऐवजी स्प्रूस.

डाव्या काठावर फोर्ट सेलकर्क. 1848 मध्ये हडसन्स बे कंपनीच्या रॉबर्ट कॅम्पबेलने इथे ठाणं उभारलं. किनाऱ्यावरचे चिलकट लोक पिढ्यान्‌पिढ्या या भागात व्यापार करत होते. त्यांनी 1852 मध्ये ते लुटून बंद पाडलं. 1950 च्या दशकात रस्ता दुसरीकडून गेला आणि गाव उठलं. आजही इथे यायला रस्ता नाही. सेलकर्क फर्स्ट नेशन (इथल्या आदिवासींचा समाज) आणि सरकार मिळून जागा सांभाळतात. लाकडी घरं, चर्च, शाळा, सगळं झाडून-पुसून ठेवलेलं.

तिथे उन्हाळ्यात राहणाऱ्या एका आजींनी चुलीवरची बॅनॉक खाऊ घातली. मैदा, चरबी, पाणी यांची जाड भाकर. आम्ही थालीपीठ दिलं, त्यांनी लोण्याशिवाय चाखून बघितलं आणि अजून एक मागितलं. अंगणात मासे वाळवायच्या मांडवाच्या बल्ल्या उभ्या होत्या, रिकाम्या. मी विचारलं नव्हतं, त्याच म्हणाल्या की पूर्वी ऑगस्टमध्ये या बल्ल्या लाल दिसायच्या. आता नातवंडांना मासा चिरायचा कसा, कातडं न तोडता पट्ट्या कशा पाडायच्या, हे शिकवायला मासा दुसरीकडून आणावा लागतो. "हाताने विसरता कामा नये," असं म्हणत त्यांनी रिकाम्या हाताने सुरी कशी फिरवायची ते हवेत दाखवलं. मनगट एकदाच वळलं. वाईला आमच्या शेजारची भोईण मरळ चिरताना असंच मनगट वळवायची.

रात्री दीड वाजता जावयांनी उठवलं. उत्तरेला ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पडदा हलत होता. ऑगस्टअखेरीस रात्री पुरेशा काळ्या होतात. जुलैत आलात तर हे दिसणार नाही.

दिवस 12 आणि 13: दुधाची नदी

सेलकर्कच्या खाली नदी बेटाबेटांतून फाटत जाते. वाळूवर लांडग्याचे ताजे ठसे, माझ्या तळहाताएवढे.

तेराव्या दिवशी डावीकडून व्हाइट नदी मिळाली. नाव सार्थ आहे. करड्या पिठाचं पाणी येऊन अख्ख्या युकॉनचा रंग बदलून टाकतं. युकॉन हे नाव ग्विचिन भाषेतल्या ‘पांढऱ्या पाण्याची नदी’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आलं असं मानतात. आणि मग आवाज सुरू झाला. कनूच्या तळाखालून सतत ‘स्स्स्स’, तापल्या तव्यावर पाण्याचा हात फिरवल्यासारखा. मी तळाला कान लावला. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचे कण होडीला घासत होते. डॉसनपर्यंत हा आवाज थांबला नाही.

प्यायचं पाणी या संगमाआधीच भरून घ्या. पुढे गाळणी तासाभरात तुंबते. नंतर बाजूच्या स्वच्छ ओढ्यांवर अवलंबून राहावं लागतं.

या पाण्यातला एक वाटा आता येत नाही. शाळेत भूगोलात नदीचौर्य शिकलो होतो, एका नदीने दुसरीचं पाणी पळवायचं. त्याला हजारो वर्षं लागतात असंच डोक्यात होतं. इथून दक्षिणेला कास्कावुल्श ही हिमनदी आहे. तिचं पाणी दोन बाजूंना जायचं: एक वाटा स्लिम्स नदीतून क्लुएन सरोवरात आणि तिथून फिरत फिरत व्हाइट नदीतून युकॉनला, दुसरा दक्षिणेकडे पॅसिफिकला. हिमनदी मागे हटली आणि मे 2016 मध्ये काही दिवसांत स्लिम्सचं बहुतेक सगळं पाणी दक्षिणेच्या वाटेला लागलं. बेरिंग समुद्राकडे निघालेलं पाणी पॅसिफिकला गेलं. स्लिम्सच्या पात्रात धुळीची वादळं उठू लागली, क्लुएनची पातळी उतरली. मी विसर्गाची नोंद करणारा माणूस. एका उन्हाळ्यात नदीचा पत्ता बदलतो, हे मला रात्री तंबूत पडल्यावरही पचत नव्हतं.

दिवस 14 आणि 15: डॉसन

उजवीकडून स्टुअर्ट नदी आली. व्हाइटहॉर्सला सरासरी अडीचशे घनमीटर प्रतिसेकंद असलेली नदी अलास्काच्या हद्दीपर्यंत नऊ-दहा पट होते. आता एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठाला पोहोचत नाही. शेवटच्या सकाळी कड्यावरून बहिरी ससाणा सुटला आणि बदकांच्या थव्यात घुसला. नेम चुकला.

मग डोंगराच्या अंगावरची मोठी दरड दिसली, खाली डॉसन. क्लोंडाइक नदी उजवीकडून मिळते, तिच्या खोऱ्यात 1896 च्या ऑगस्टमध्ये सोनं सापडलं. हिमयुगात हा भाग बर्फाखाली गेला नव्हता, म्हणून खडीतलं सोनं खरवडून, विखरून गेलं नाही. मॅमथची हाडंही त्याच गोठलेल्या मातीत टिकली. गोठलेली जमीन वितळते तशी जुनी घरं एकमेकांकडे कलतात. 1979 च्या पुरानंतर नदीकाठी बांध घातला आहे.

हिवाळ्यात लोक नदीवरच्या बर्फावरून गाड्या नेतात. अलीकडे काही हिवाळ्यांत गावासमोर बर्फ धरलाच नाही. वसंतात बर्फावर तिपाई उभी करून ती काठावरच्या घड्याळाला तारेने जोडतात. बर्फ हलला, तार ओढली गेली की घड्याळ थांबतं. बर्फ कधी फुटला त्या नोंदी 1896 पासूनच्या आहेत. त्या वह्या बघायला मी आनंदाने अजून एक आठवडा राहिलो असतो.

वाटेत मी तीन ठिकाणचं पाणी पाव लिटरच्या बाटल्यांत भरलं होतं: तीस मैलांचा तुकडा, टेस्लिनचा संगम, व्हाइटचा संगम. परतल्यावर भाचीच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत ओळीने ठेवल्या. पहिली पहिल्यापासूनच स्वच्छ होती. दुसरीच्या तळाशी दोन दिवसांत तपकिरी मळी बसली. तिसरीत बोटभर करडा गाळ बसला, पण वरचं पाणी काही निवळेना. दहाव्या दिवशी मी विमानतळाला निघालो तेव्हाही ते दुधाळच होतं. भाची म्हणाली, "राहू दे मामा, हलवत नाही. निवळलं की फोन करते."